मुरवायची बेल्जियन बिअर: कोणती ठेवावी, कशी उघडावी आणि घरी कशी करावी

बहुतेक बिअर मुरत नाही, शिळी होते. पाच टक्क्यांची फिकट लागर वर्षभर कपाटात राहिली तर ओला पुठ्ठा चघळल्यासारखी लागते. तिला मुरलेली म्हणायला कुणी धजावणार नाही. तरीही बेल्जियममध्ये काही बाटल्या दहा-दहा वर्षं तळघरात ठेवतात आणि त्या खरोखर चांगल्या निघतात. लोणचं मुरतं आणि भाजी शिळी होते, दोन्हीकडे काळ तोच असतो. फरक पडतो तो बरणीत काय घातलंय यामुळे.

बाटलीत शिरलेला ऑक्सिजन हळूहळू सगळ्यालाच खातो. फिकट बिअरमध्ये त्यातून ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं द्रव्य पुढे येतं आणि पुठ्ठ्याची चव लागते. गडद, गोडसर माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि शिजवलेल्या साखरेच्या बिअरमध्ये तोच ऑक्सिजन मनुका, खजूर, शेरी यांच्याकडे नेतो. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या वेलीच्या फुलांचा, कडूपणा दोन्हीकडे विरतो. यीस्टने दिलेला केळ्याचा वास, म्हणजे आयसोअमाइल अॅसिटेट, काही महिन्यांत ओसरतो. अल्कोहोलचा चटका थोडा मऊ होतो. म्हणजे जी बिअर ताज्या हॉप्सवर किंवा ताज्या फळासारख्या वासावर उभी आहे, तिचं काळ नुकसानच करतो.

कोणत्या बाटल्या ठेवायच्या

साधा निकष असा: आठ टक्क्यांच्या वर, गडद, बाटलीत जिवंत यीस्ट, हॉप्स कमी. रोशफोर १० (११.३ टक्के), वेस्टफ्लेटेरेन १२ (१०.२), सिंट बर्नार्डस आब्त १२ (१०), शिमे ब्लू (९) बेल्जियन मठांच्या परंपरेतल्या या चार बाटल्या म्हणजे या प्रकाराचा पाया. शिमे ब्लू नाताळची बिअर म्हणून सुरू झाली. सिंट बर्नार्डसने १९४६ ते १९९२ वेस्टफ्लेटेरेनच्या मठाची बिअर परवान्याने बनवली, त्यामुळे त्या दोन बाटल्यांत चुलतभावंडांइतकं साम्य आहे. वेस्टफ्लेटेरेन मिळवायला जीव टाकणाऱ्यांनी आधी आब्त १२ शेजारी ठेवून चाखावी. निम्मी हौस तिथेच फिटते.

दुसरा गट आंबट आणि जंगली बिअरचा. ब्रुसेल्स आणि सेन नदीच्या खोऱ्यातली ग्यूझ ही एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचं, म्हणजे हवेतल्या जंगली यीस्टने आंबलेल्या बिअरचं, मिश्रण असते. आत ब्रेटॅनोमायसेस हे जंगली यीस्ट जिवंत असतं, ते शिरलेला ऑक्सिजन बऱ्यापैकी गिळतं, म्हणून ग्यूझ जेमतेम सहा-सात टक्क्यांची असूनही टिकते. बोन या ब्रूअरीच्या ग्यूझवर वीस वर्षांची मुदत छापलेली असते, आणि ती बढाई नाही.

ओर्वाल या मठाच्या बिअरची गोष्ट वेगळी. ती फक्त ६.२ टक्क्यांची, पण बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसेस घालतात. लेबलवर बाटलीत भरल्याची तारीख असते. दोन महिन्यांची ओर्वाल हॉप्सने दरवळते, सहा महिन्यांत तिच्यात चामड्याचा, गोठ्यातल्या वाळल्या गवताचा वास येऊ लागतो, वर्षाच्या पुढे ती कोरडी ठणठणीत होते. मुरणं म्हणजे काय हे एकाच बाटलीतून शिकायचं तर ओर्वालच घ्यावी. एका खोक्यातल्या सहा बाटल्या घ्या आणि दर तीन महिन्यांनी एक उघडा.

ट्रिपेल, विटबिअर, डुव्हेलसारख्या फिकट सोनेरी बिअर ठेवू नका. त्यांतल्या काहींचा ताकदीचा आकडा पाहून मोह होतो, पण त्या ताज्याच चांगल्या.

साठवण

दहा ते तेरा अंश, अंधार, बाटली उभी. या तिघांतलं सगळ्यात महत्त्वाचं तापमान. दर दहा अंशांना शिळं होण्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटातलं तापमान पस्तिशीला टेकतं. तिथे आब्त १२ चे सहा महिने म्हणजे बेल्जियन तळघरातली काही वर्षं, आणि तीही वाईट वर्षं. परिणाम मनुक्यांऐवजी सोया सॉसकडे झुकतो, कारण उष्णतेत तळाचं मेलेलं यीस्ट फुटतं आणि त्यातला मांसल, खारट अर्क बिअरमध्ये उतरतो. १२ अंशांवर लावलेला छोटा वाइन फ्रीज नसेल तर भारतात मुरवायच्या फंदात पडू नये. घरातला नेहमीचा फ्रीज चालतो, फक्त ४ अंशांवर सगळं फार सावकाश घडतं. आणि इथल्या दुकानात मिळणारी आयात बाटली बंदरापासून दुकानापर्यंत किती तापली असेल याचा भरवसा नसतो. ती आणून महिन्याभरात प्यावी.

उजेडही वाईटच. हॉप्समधली कडू द्रव्यं आणि प्रकाश यांच्या भेटीतून गंधकाचा उग्र वास तयार होतो, हिरव्या बाटलीत तर काही तासांत. बाटल्या खोक्यातच ठेवा. साध्या झाकणाच्या बाटल्या उभ्या ठेवायच्या म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि हवेला लागणारा पृष्ठभाग कमी राहतो. बुचाची ग्यूझ परंपरेने आडवी ठेवतात.

उघडणं आणि ओतणं

प्यायच्या दोन दिवस आधीपासून बाटली हलवू नका. मठातल्या गडद बिअरला १२ ते १४ अंश योग्य. फ्रीजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवली की तिथे पोचते. बर्फासारखी गार प्यायली तर दहा वर्षांच्या मुरण्यातलं निम्मं तोंडाला कळतच नाही. रुंद तोंडाचा, पायाचा ग्लास घ्या, तो तिरका धरा, आणि एकदा ओतायला सुरुवात केली की बाटली परत सरळ करू नका. सरळ केली की तळाचा गाळ उसळतो. मानेपाशी गढूळ धागा दिसला की थांबा. तळाचा बोटभर भाग वेगळ्या छोट्या ग्लासात काढून चाखायला हरकत नाही, पण जुन्या बाटलीचा गाळ मांसल आणि कडवट लागतो.

आडवी ठेवलेली ग्यूझ तिच्या टोपलीतच, तिरकी असतानाच उघडतात. बुचाखाली दाब असतो, तोंड कुणाच्याही चेहऱ्याकडे धरू नये. जुनं बूच मोडलं तर वेटरच्या साध्या ओपनरने उरलेला तुकडा काढा. स्क्रू बुचाच्या आरपार जाऊ देऊ नका.

घरी करायची तर

आधी कायदा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि त्याला बिअर अपवाद नाही. त्यामुळे खालचा भाग अमेरिका, ब्रिटन अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरवरचा परवाना १९६३ साली गेला. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा मिळाली, तरी आपल्या राज्याचे नियम पाहून घ्यावेत. जाता जाता: मराठीत दारू 'गाळतात', पण बिअर गाळत नाहीत. ती शिजवतात आणि आंबवतात. इथे ऊर्ध्वपातनाचा संबंध नाही.

ही कृती २० लिटरची, रोशफोर-वेस्टफ्लेटेरेनच्या वळणाची. सुरुवातीची घनता (पाणी १.००० धरून) १.०८८, शेवटची १.०१२ ते १.०१४, अल्कोहोल पावणेदहा ते दहा टक्के.

पिल्सनर माल्ट ५.८ किलो
म्युनिक माल्ट ७०० ग्रॅम
गव्हाचा माल्ट २०० ग्रॅम
स्पेशल बी (गडद कॅरामल माल्ट) २०० ग्रॅम
डी-१८० कँडी सिरप (शिजवलेल्या साखरेचा गडद पाक) ४५० ग्रॅम
साधी पांढरी साखर ५०० ग्रॅम
मॅग्नम हॉप्स (१२ टक्के अल्फा, म्हणजे कडू आम्लं) २५ ग्रॅम, ६० मिनिटं. कडूपणा साधारण २६ आयबीयू (कडूपणाचं एकक)

नवशिके इथेच चुकतात: रंग पाहून डझनभर गडद माल्ट घालतात. बेल्जियन मठांत रंग आणि मनुक्याची चव मुख्यतः शिजवलेल्या साखरेतून येते. कॅरामल माल्ट जास्त झाला की बिअर जड आणि चिकट होते, आणि तसली बिअर मुरत नाही, नुसती काकवीसारखी होत जाते. साखर पूर्ण आंबते, म्हणून अंग हलकं राहतं.

सिरपऐवजी गूळ चालेल का, हा प्रश्न मराठी घरात येणारच. चालतो, पण गुळाची स्वतःची खारट-मातकट चव उतरते, खजुराची नाही. २०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. सिरप घरी करायचा तर ५०० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी आणि एक चमचा डायअमोनियम फॉस्फेट हे जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. लाडवाच्या एकतारी-दोनतारी पाकाच्या कितीतरी पुढे, १४० ते १४५ अंशांवर, रंग सोनेरीवरून तांबडा, तांबड्यावरून काळपट होत जातो. अमोनियाचा वास येतो, खिडकी उघडी ठेवा. तापमान चढू लागलं की चमचा-चमचा गरम पाणी घालून आवरा; पाक जोरात उडतो, लांब हातमोजे घाला. इथे लिंबू पिळू नका. आम्लात साखरेचे रेणू फुटतात, पण रंग-चव देणारी मेयार अभिक्रिया मंदावते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर एकूण ३४ लिटर पाण्याला क्लोरीन घालवणाऱ्या कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून घाला. बेल्जियन यीस्ट लवंगेसारखे फेनॉल तयार करतं. क्लोरीन त्यांना भेटलं की बिअरला औषधी पट्टीचा वास येतो, आणि तो कितीही वर्षं ठेवली तरी जात नाही.

१९.५ लिटर पाणी ७१-७२ अंशांवर आणा, त्यात दळलेला माल्ट घालून गुठळ्या मोडा. मिश्रण ६५ अंशांवर स्थिरावलं पाहिजे. ७५ मिनिटं तसंच ठेवा, जमलं तर शेवटी ७२ अंशांवर १५ मिनिटं. ६८ अंशांवर ठेवलंत तर न आंबणारी साखर जास्त तयार होते आणि बिअर १.०२५ वर अडकते. या प्रकाराचा सगळ्यात मोठा शत्रू तोच. नंतर ७६ अंशांच्या १४.५ लिटर पाण्याने माल्ट हळूहळू धुऊन २७ लिटर रस गोळा करा. त्याची घनता १.०५५ ते १.०५७ असावी. कमी भरली तर हॉप्स घालण्याआधी २०-३० मिनिटं जास्त उकळा.

उकळी ९० मिनिटं, रटरटती आणि झाकण न ठेवता. पिल्सनर माल्टमधून येणारा उकडलेल्या मक्याचा वास वाफेबरोबर जायला हवा. तासाला चार लिटर उडतं असं धरलं तर शेवटी २१ लिटर राहतात. सिरप आणि साखर शेवटच्या दहा मिनिटांत, आच बंद करून ढवळत घाला. न ढवळता ओतलीत तर तळाला बसून करपते. मग १८ अंशांपर्यंत गार करा.

यीस्ट: इथेच बिअर ठरते

या घनतेच्या २० लिटरला साधारण ३०० अब्ज पेशी लागतात. वेस्टमाले मठाच्या वंशाचं यीस्ट वायस्ट ३७८७ किंवा व्हाइट लॅब्ज ५३० या नावाने मिळतं. रोशफोरच्या वंशाचं वायस्ट १७६२. द्रव यीस्टची दोन पाकिटं घेऊन २०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क आणि दोन लिटर पाण्याचा स्टार्टर, म्हणजे यीस्ट वाढवायचा घोळ, दीड दिवस आधी करा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे आधी १.०४५ घनतेची हलकी बेल्जियन बिअर करायची आणि तिच्या तळाचं २५० मिली दाट यीस्ट यात घालायचं. कोरडं यीस्ट हवं असेल तर सेफएल बीई-२५६ किंवा लालब्रू अॅबेची दोन पाकिटं.

यीस्ट घालण्याआधी शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला एक लिटर या वेगाने ६० सेकंद द्या, आणि १२ ते १८ तासांच्या आत आणखी एकदा. बिअरला ऑक्सिजन हवा असतो तो फक्त या वेळी. त्यानंतर बाटलीचं झाकण बसेपर्यंत तो वैरी.

तापमानाचा आलेख: पहिले दोन दिवस १८ ते २०, तिसऱ्या दिवसापासून रोज एक-दीड अंश चढवत आठवडाभरात २५, आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत तिथेच. वेस्टफ्लेटेरेन वेस्टमालेचंच यीस्ट आणून वापरतं, पण तिथे ते २८ च्या आसपास चढू देतात आणि वेस्टमालेत २० ला धरून ठेवतात. त्याच यीस्टच्या दोन वेगळ्या चवींमागे या आठ अंशांचा मोठा हात आहे. सुरुवातच २५ ला केली तर पहिल्या ४८ तासांत फ्यूजेल, म्हणजे जड, अल्कोहोल तयार होतं, घशात जळतं, डोकं चढवतं, आणि मुरवून फारसं कमी होत नाही. उलट पाचव्या-सहाव्या दिवशी खोली गार पडली तर यीस्ट काम सोडून तळाला बसतं. चढवा, उतरू देऊ नका.

३७८७ भयंकर फेसाळतं. २० लिटरला ३० लिटरचं भांडं घ्या आणि वायूच्या छोट्या बुचाऐवजी जाड नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बरणीत सोडा. हे टाळल्यास छतावर यीस्ट चिकटलेलं दिसेल.

दोन आठवड्यांनी घनता मोजा, तीन दिवसांनी पुन्हा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. हायड्रोमीटरच वापरा, रिफ्रॅक्टोमीटर अल्कोहोल असताना जास्त आकडा दाखवतं आणि बिअर अडकली असं वाटून विनाकारण घाबरगुंडी उडते. खरंच १.०२५ च्या वर अडकली असेल तर २६-२७ अंशांवर नेऊन भांडं हलकेच गोल फिरवा, आठवडा द्या. सेझॉन या कोरड्या बेल्जियन बिअरचं यीस्ट टाकून सोडवायचा सल्ला बरेच देतात. ते एरवी न आंबणारी साखर, डेक्स्ट्रिनही, खातं, त्यामुळे घनता महिनाभर स्थिर झाल्याशिवाय बाटलीत भरू नका.

बाटल्या

गार जागी, दहा अंशांच्या आसपास, चार ते सहा आठवडे राहू द्या. मग नळी तळापर्यंत सोडून, खळखळाट न करता दुसऱ्या भांड्यात काढा. १९ लिटरला १५० ग्रॅम साखर २०० मिली पाण्यात उकळून आधी तळाला घाला. दहा टक्के अल्कोहोलमध्ये दमलेलं जुनं यीस्ट बाटलीत फेस आणेल याची खात्री नसते, म्हणून ताजं बाटलीचं यीस्ट, सीबीसी-१ किंवा एफ-२, दोन ग्रॅम कोमट पाण्यात भिजवून घाला. घरच्या बिअरमध्ये 'तीन महिने झाले तरी सपाटच' ही तक्रार बहुधा हे दोन ग्रॅम न घातल्यामुळे येते.

बाटल्या निर्जंतुक करायच्या स्टार सॅन या द्रवाचं प्रमाण लिटर पाण्याला दीड मिली. जाड बाटल्याच घ्या, मानेत दोन-तीन सेंटिमीटर जागा ठेवा, ऑक्सिजन शोषणारी झाकणं वापरा आणि फेस वर येईपर्यंत थांबून फेसावरच झाकण दाबा. तीन आठवडे २२ ते २४ अंश, नंतर तळघर.

ओर्वालसारखी करायची तर सुरुवातीची घनता १.०५५, साधं बेल्जियन यीस्ट, मग ब्रेटॅनोमायसेस (थोडक्यात ब्रेट) आणि सुके हॉप्स. इथे एकच आकडा पाठ असू द्या: घनता एक अंक, म्हणजे ०.००१, उतरली की बाटलीत बिअरच्या आकारमानाच्या साधारण अर्धा पट वायू वाढतो. १.०१० ला भरली आणि ब्रेटने १.००४ ला नेली तर नुसत्या त्यातूनच तीन पट. साध्या बाटलीला तेवढ्यावर घातलेली साखर झेपत नाही, ती फुटते. दोन-तीन महिने भांड्यातच ठेवून १.००४-१.००५ ला स्थिर झाल्यावर, शँपेनच्या बाटलीत भरा. या कामात वापरलेल्या रबरी नळ्या पुन्हा साध्या बिअरला वापरू नका, ब्रेट त्यातून जात नाही. लँबिक घरी करणं हा मात्र तीन वर्षांचा वेगळा संसार आहे.

गडद बिअरच्या १९ लिटरच्या ३३० मिलीच्या सत्तावन्न बाटल्या होतात. झाकणावर तारीख लिहा. पहिली तीन महिन्यांनी उघडा: अजून दारूचा चटका आणि केळं असेल, ते ठीक. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत बहुतेक प्याव्यात, वीसेक बाटल्या पुढच्या वर्षांसाठी ठेवाव्यात. दर सहा महिन्यांनी एक चाखा. मनुका आणि कोको जाऊन नुसता पुठ्ठा किंवा सोया लागू लागला तर वाट पाहू नका, उरलेल्या त्याच महिन्यात संपवा. दोन बाटल्या फ्लेमिश पद्धतीच्या रश्शात जाऊ द्या: कांदा तांबूस परतून मांस, मोहरी लावलेला पाव आणि बिअर घालून तीन तास मंद आचेवर. मटणही चालतं.